सांगलीहून मालागाला जाऊन घरून काम: कोणी केलंय का?

हळदीपिवळा

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत राहतो. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कोरोनात लॅपटॉप घेऊन घरी आलो तो परत गेलोच नाही, कंपनीनेही बोलावलं नाही. क्लायंट अमेरिकेतला, पूर्व किनाऱ्यावरचा. सकाळी साडेदहाला आमच्या टीमची मीटिंग असते आणि रात्री साडेअकरापर्यंत क्लायंटचे कॉल चालतात. मधल्या वेळात झोपायचं की दळण आणायचं, हा रोजचा प्रश्न.

तर गेलं वर्षभर डोक्यात स्पेन शिरलंय. त्यांच्या स्टार्टअप कायद्याने २०२३ पासून डिजिटल नोमॅड व्हिसा सुरू झालाय. राहायचं तिकडे, काम बाहेरच्या देशातल्या कंपनीचं. गाव मी मनाशी पक्कं केलंय, मालागा. समुद्र आहे, वर्षाला २,९०० तासांच्या वर ऊन, विमानतळ शहराला लागून, माद्रिद वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांवर.

पगार वर्षाला ३६ लाख. बायको इथल्या शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत, आई-बाबा आमच्याबरोबरच. तासगावच्या बाजूला थोडी द्राक्षबाग आहे, ती चुलतभाऊ बघतो. एवढा बाडबिस्तारा घेऊन हे जमतं का? यूट्यूबवर सगळे एकटे जीव दिसतात, सायकल आणि कुत्रं घेऊन फिरणारे. आपल्यासारखं कुटुंब घेऊन कोणी गेलं असेल तर त्यांचं ऐकायचंय.

तासगावकर_बेदाणा

भावा, बेदाणा सोडून बेदाण्याकडंच निघालास की! त्या मालागाच्या पूर्वेला आक्सार्किया म्हणून डोंगराळ पट्टा आहे, तिथला मनुका जगात नावाजलेला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्या पद्धतीला कृषी वारशाचा दर्जा दिलाय. आपण शेडमध्ये जाळीवर वाळवतो, ते उतारावर जमिनीवरच उन्हात पसरतात. मस्कतेल जात, बियांची. चवीला भारी असणार, पण बी चावत बसायला आपल्या गिऱ्हाईकाला वेळ नाही.

बाकी व्हिसाचं मला काही कळत नाही. बाग विकायची असेल तर आधी मला सांग.

कासपठार

मी मूळची साताऱ्याची, यादोगोपाळ पेठेतली. आम्ही दोघं आणि मुलगा मालागात राहतो. नवऱ्याचा याच प्रकारचा परवाना आहे. त्यामुळे जे रोज बघते तेच लिहिते.

ऊन आहे, त्यात खोटं काही नाही. पण ते बाहेर असतं. इथली जुनी घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली: फरशी टाइलची, भिंती पातळ, खिडक्या सैल आणि गरम करायची सोय शून्य. जानेवारीत बाहेर दुपारी सोळा-सतरा अंश असतात, लोक टी-शर्टवर समुद्राकाठी कॉफी पितात, आणि तुम्ही घरात दोन स्वेटर, मोजे घालून लॅपटॉपपुढे बसलेले. भिंतीला ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंना बुरशी. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहिलेल्यांना ही ओल ओळखीची वाटेल. गल्लीत नारिंगी गॅस सिलिंडरची गाडी येते, ते सिलिंडर शेगडीवजा हीटरला लावून बसायचं. घर बघायला कायम हिवाळ्यात या आणि दक्षिणेकडे तोंड असलेलं घर घ्या. दलाल उत्तरेकडचं घर 'उन्हाळ्यात थंड' म्हणून गळ्यात मारतो. उन्हाळ्यात थंड असतं हे खरं, पण उन्हाळा तीन-चार महिने आणि भाडं बारा महिने.

उन्हाळ्यात एक वारा येतो, तेर्राल म्हणतात त्याला. समुद्राकडून न येता आतल्या डोंगरांकडून येतो आणि तापमान एकदम चाळिशीच्या पुढे नेतो. एरवी समुद्राच्या वाऱ्यामुळे मालागा आतल्या कोर्दोबा, सेव्हिलपेक्षा पुष्कळ सुसह्य.

खाणं: तुम्ही शाकाहारी असाल तर घरी काही अडत नाही. चणे, मसूर, पांढरा घेवडा हे इथल्या लोकांचंच रोजचं अन्न, भाज्या ताज्या आणि स्वस्त. हॉटेलात मात्र 'मांस नको' म्हटलं की ट्यूना घालून देतात, कारण मासा त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत. मग आम्ही ठरलेल्या दोन गोष्टी मागवतो. एक आहोब्लांको, म्हणजे बदाम, लसूण, पाव वाटून केलेलं थंडगार सार. आणि दुसरी वांग्याचे तळलेले काप, वरून काकवी. हो, काकवीच. जवळच्या फ्रिगिलियाना गावात उसाचा रस आटवून ती करणारा जुना कारखाना अजून चालू आहे. या किनाऱ्यावर शतकानुशतके ऊस होता. अरबांनी आणलेला. साखर कारखानेही होते, शेवटचा सालोब्रेन्याजवळचा २००६ साली बंद पडला. माझे सासरे आले होते तेव्हा वांगं बाजूला ठेवून नुसती काकवी पावाला लावून खात होते.

भाड्याचं सांगते. साठ चौरस मीटरचा, दोन झोपायच्या खोल्यांचा फ्लॅट शहरात हजार युरोच्या खाली मिळणं अवघड झालंय, आणि मिळाला तरी घरमालक इथल्या पगाराची चिठ्ठी मागतो. ती तुमच्याकडे नसते. कायद्याने एक महिन्याचं डिपॉझिट आणि वर जास्तीत जास्त दोन महिन्यांची हमी मागता येते. घर लावून देणाऱ्या एजन्सीची फी २०२३ च्या कायद्यापासून मालकाने द्यायची आहे. पण 'हंगामी करार' नावाची पळवाट आहे, अकरा महिन्यांची. आपल्याकडच्या लीव्ह अँड लायसन्सचा चुलतभाऊच म्हणा. त्यावर सही करायच्या आधी विचार करा, नेहमीच्या करारात पाच वर्षं राहायचा हक्क असतो आणि तो यात जातो.

अजून पुष्कळ आहे, पण आधी तुमच्या कंपनीचं काय ते सांगा. तिथेच बहुतेकांचं अडतं.

सीए_राजवाडा

कासपठार यांनी शेवटच्या ओळीत नेमकं बोट ठेवलंय. हळदीपिवळा, तुम्ही ऊन, भाडं, शाळा यांचा विचार करताय. तुमचा अर्ज यातल्या कशावरही अडणार नाही. तो अडेल तुम्ही कोणाच्या पगारपटावर आहात यावर.

आधी रक्कम बघू. मुख्य अर्जदाराला स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या वेतनावर ते महिना सुमारे २,७६३ युरो. पत्नीसाठी किमान वेतनाच्या पाऊणपट वाढ आणि मुलीसाठी पावपट. तिघांचे मिळून ४,१४४ युरो. युरो शंभर रुपये धरला तर तुमचे महिना तीन लाख म्हणजे ३,००० युरो. एकटे बसता, कुटुंबासकट बसत नाही. ३६ लाखांवर सांगलीत राजासारखं राहता येतं आणि तिथे किमान पात्रतेला टेकता येतं, एवढाच अर्थ.

आता खरी गोम. नोकरदार म्हणून गेलात तर तुमची सामाजिक सुरक्षा (म्हणजे पेन्शन, आजारपण यांचा सरकारी हप्ता) कोण भरणार, हे स्पेनला कागदावर दाखवावं लागतं. ज्या देशांचा स्पेनशी तसा करार आहे, तिथले लोक आपल्याच देशाचं प्रमाणपत्र आणतात आणि सुटतात. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, पोर्तुगाल वगैरे देशांशी आहेत. स्पेनशी नाही. तुमचा पीएफ कापला जातोय याला तिथे किंमत शून्य. म्हणजे तुमच्या पुण्याच्या कंपनीने स्पेनमध्ये नोंदणी करून तिथला हप्ता भरायचा. एका माणसासाठी कोणती कंपनी हे करेल? शिवाय तुम्ही तिथे बसून काम केल्याने कंपनीचं तिथे कायमचं आस्थापन, म्हणजे कर लागू होणारं ठाणं, झालं असं कर खात्याने धरलं तर, ही धास्ती त्यांच्या वकिलांना असतेच.

दुसरा रस्ता, नोकरी सोडून त्याच कंपनीचं काम कंत्राटावर घ्यायचं आणि स्पेनमध्ये स्वयंरोजगारी म्हणून नोंद करायची. त्यांच्याकडे त्याला आउतोनोमो म्हणतात. अर्जाच्या आधी किमान तीन महिने त्या कंपनीशी कामाचं नातं असावं लागतं, कंपनी किमान वर्षभर चालू असावी लागते, आणि तुमच्याकडे पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव. हे तुम्हाला जमेल. हप्ता पहिल्या वर्षी सवलतीत महिना ८० युरोच्या आसपास, नंतर तुमच्या उत्पन्नाला चारशेच्या पुढे.

पण नोकरी सोडली की काय काय जातं ते वहीत लिहून काढा. पीएफ थांबतो. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरत आली असतील तर ती भरेपर्यंत थांबा. आणि लोक विसरतात ते म्हणजे कंपनीचा गट आरोग्य विमा. त्यात आई-बाबा आहेत का? असतील तर साठीनंतर मधुमेह, रक्तदाब सांगून नवीन पॉलिसी काढायला गेल्यावर किती हप्ता येतो आणि किती वर्षांचा प्रतीक्षा काळ पडतो, ते राजीनाम्याआधी विचारून घ्या. राजीनाम्यानंतर नको.

आता 'बेकहॅम कायद्या'ची भुरळ. फुटबॉलपटूच्या नावाने ओळखली जाणारी ही २००५ ची करसवलत: सहा वर्षं ६ लाख युरोपर्यंतच्या कमाईवर सरसकट २४ टक्के. यूट्यूबवाले ती ऐकवून लोकांना नाचवतात. वर्षाला ३६ हजार युरोवर तिथला साधा स्लॅब सरासरीने चोवीसच्या खालीच बसतो, कारण त्यात वजावटी मिळतात आणि बेकहॅममध्ये मिळत नाहीत. ती सवलत मोठ्या पगारवाल्यांची. तुमच्या उत्पन्नाला तिचा उपयोग वेगळाच: स्पेनबाहेरचं बाकीचं उत्पन्न तिथे करपात्र होत नाही. नाहीतर वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की जगभरचं उत्पन्न त्यांच्यापुढे मांडायचं, आणि ५० हजार युरोच्या वरची परदेशी मालमत्ताही जाहीर करायची. तुमच्या बागेचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे. तिथे नाही! भारतात कर भरलाच नाही तर दुहेरी कर टाळण्याच्या करारात वजा तरी काय घालणार? मात्र ही सवलत नोकरदाराला जेवढी सरळ आहे तेवढी कंत्राटवाल्याला नाही. तेव्हा फिरून पुन्हा तोच प्रश्न, पट कोणाचा.

हळदीपिवळा

सीए साहेब, डोकं गरगरलं, पण आभार. आई-बाबा कंपनीच्याच विम्यात आहेत. बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. ग्रॅच्युइटीला अजून काही महिने आहेत. हे दोन्ही मी हिशेबातच धरलं नव्हतं.

तोपर्यंत असा विचार आलाय की वर्षभर मी एकटाच जाऊ का? उत्पन्नाच्या अटीत बसतो. स्थिरावलो की यांना बोलवू.

कोरेगावची_लेक

वाचत होते गप्प, पण 'एकटाच जाऊ का' वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळ्या धाग्यात बायकोबद्दल एक ओळ लिहिलीत, शिक्षिका आहे म्हणून. तिला विचारलंत का? माझा नवरा असाच एक वर्षासाठी एकटा गेला होता, दुसऱ्या देशात. इथे सासू-सासरे, मूल, नोकरी आणि गॅस बुकिंगपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळं मी. तिकडून रोज सूर्यास्ताचे फोटो यायचे. फोटो छान होते.

आणि नंतर तिला बोलावलंत तरी ती तिकडे काय करणार? कुटुंबाच्या परवान्यावर नोकरी करता येते हे चांगलं आहे, आखातात आमच्या ओळखीच्यांना ते नव्हतं. पण स्पॅनिश आल्याशिवाय तिथल्या शाळेत तिला कोण घेणार? म्हणजे तिचा पगार आणि तिची ज्येष्ठता दोन्ही सोडून तिने वर्ग सुरुवातीपासून बांधायचा. करेलही. पण ते तिने ठरवायचंय.

कासपठार

कोरेगावची_लेक, टाळ्या. मी इकडे आले तेव्हा बँकेतली नोकरी सोडून आले. आता ऑनलाइन हिशेबाची कामं करते, पगार आधीच्या निम्मा. मजेत आहे, पण तो निम्मा मला अजून खुपतो, आणि नवऱ्याला हे ठाऊक आहे.

मुलांचं त्या मानाने सोपं जातं. सहा ते सोळा वर्षं शिक्षण सक्तीचं, सरकारी शाळा फुकट. मुलगी सहा महिन्यांत तुमचे उच्चार सुधारायला लागेल. शाळेचे अर्ज आंदालुसियात, म्हणजे मालागा ज्या प्रदेशात येतं तिथे, मार्च महिन्यात भरतात आणि जवळच्या शाळेसाठी पालिकेतली राहत्या पत्त्याची नोंद लागते. म्हणजे आधी घर, मग नोंद, मग शाळा. मालागा निवडलंत याचा एक फायदा आहे. बार्सिलोना किंवा वालेन्सियाला गेलात तर शाळेत स्पॅनिशबरोबर कातालान किंवा वालेन्सियानही येतं. सात वर्षांच्या पोरीला चालेल, पण गृहपाठ घेणाऱ्या आईबापाला घाम फुटेल.

आयर्विन_सत्तावन्न

वालेन्सियाचं नाव निघालंच आहे तर बोलतो. आमचं घर मारुती चौकाजवळ. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हापासून कुठल्याही गावाचं नाव ऐकलं की मी आधी नदी कुठंय ते बघतो. माझा एक मित्र याच व्हिसावर वालेन्सियाला जायचं म्हणत होता, त्यामुळे तिकडचं सगळं वाचून काढलं.

तिथे २९ ऑक्टोबर २०२४ ला काय झालं ते ऐका. चिवा नावाच्या गावात आठ तासांत ४९१ मिलिमीटर पाऊस, त्यांचा जवळजवळ वर्षाचा. डोंगरातून येणाऱ्या एरवी कोरड्या ओढ्यांना लोंढा आला आणि शहराच्या दक्षिणेची पायपोर्तासारखी उपनगरं बुडाली. सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. मोबाइलवर इशारा वाजला तो रात्री आठनंतर, तोवर पुष्कळ ठिकाणी पाणी घरात होतं. लोक तळघरातल्या गाड्या काढायला गेले आणि तिथेच अडकले.

गंमत बघा, मूळ शहर कोरडं राहिलं. १९५७ च्या महापुरानंतर त्यांनी तुरिया नदीच शहराबाहेरून नवा पाट खोदून वळवली. जुन्या पात्रात आता बाग आहे, लोक धावायला जातात. म्हणजे जुन्या शहराचं पाणी टळलं, आणि नंतरच्या काळात दक्षिणेला ओढ्यांच्या कडेने जी वस्ती वाढली ती सापडली. कोणाची चूक यावर त्यांचं अजून भांडण चालू आहे.

आपल्या कृष्णेचा पूर दोन-तीन दिवस आधी कळतो. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती पुढे चाललंय, पूल किती फुटांवर, हे पानवाल्यालाही पाठ असतं. गच्चीवर सामान न्यायला वेळ मिळतो. तिकडचं पाणी तासांत येतं. आणि मालागाही सुटलेलं नाही, त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला तिथे लाल इशारा होता, ग्वादालोर्से नदीकाठच्या हजारो लोकांना हलवलं होतं. तेव्हा घर घेताना तळमजला नको आणि कोरड्या ओढ्याचा काठ नको. स्वस्त फ्लॅट नेमके तिथेच मिळतात.

वाईचा_घाट

मला एक वेगळीच गोष्ट बोलायची आहे, कोणाला लागली तर लागो. जून २०२४ मध्ये मालागात हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, घरभाडी परवडत नाहीत म्हणून. पर्यटकांना दिलेले फ्लॅट आणि बाहेरच्या पगारावर राहायला आलेले लोक, दोघांवरही राग आहे. नंतर महापालिकेने शहराच्या बऱ्याच भागांत नवीन पर्यटक-फ्लॅटना बंदी घातली.

आपण तिथे बाहेरचा पगार घेऊन जाणार. आमच्या वाई-पाचगणीत आणि तुमच्या कासच्या रस्त्याला पुण्या-मुंबईचे लोक येऊन गुंठ्याचा भाव कुठे नेऊन ठेवतात, यावर याच मंचावर दर पावसाळ्यात धागे निघतात. त्या धाग्यांवर आपण सगळे एका सुरात बोलतो. इथे सगळे गप्प कसे?

तासगावकर_बेदाणा

वाईकर, वर्षाला छत्तीस हजार युरोवाल्याने कुणाचा भाव चढवला? तिथे जर्मन, इंग्रज, स्वीडिश पेन्शनर बंगले घेऊन बसलेत. आपला माणूस ओली भिंत असलेल्या फ्लॅटमध्ये स्वेटर घालून बसणार. त्याला कशाला झोडता.

वाईचा_घाट

झोडत नाही. पण घरमालक त्याला फ्लॅट देतो तो शेजारच्या शाळेतल्या शिक्षकापेक्षा शंभर युरो जास्त मिळतात म्हणूनच ना? एवढं डोळ्यांपुढे ठेवून जावं, इतकंच. स्पॅनिश शिकावं, पाच वर्षांचा सरळ करार करावा, हंगामी नको. जो राहायला आलाय तो राहणाऱ्यासारखा राहिला तर लोकांची तक्रार नसते.

कासपठार

वाईचा_घाट यांच्याशी मी सहमत आहे. इथे शेजारी चांगले आहेत, पण जिन्यात चाकाच्या बॅगेचा आवाज आला की सगळ्यांच्या कपाळाला आठी पडते. आम्ही पालिकेत नोंद केली, मुलगा वाड्यातल्या (म्हणजे सोसायटीच्या आतल्या चौकातल्या) पोरांत खेळायला लागला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी बोलायला लागल्या. त्यांची भाषा समजायला मात्र वेळ लागतो. आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतात, क्लासमध्ये शिकवलेलं स्पॅनिश इथे अर्धंच ऐकू येतं.

कराडचे_मास्तर

हळदीपिवळा, मी वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो. माझी दोन्ही मुलं परदेशात आहेत. आम्ही दोघं कराडात, आनंदात आहोत, आमची काळजी कोणी करू नये. पण तुझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालीय हे तू मध्येच एका ओळीत लिहून गेलास.

सांगलीहून मुंबई रात्रभर, पुढे आखातात किंवा युरोपात विमान बदलून मालागा. सगळं जुळून आलं तरी घरून घरी चोवीस तासांच्या आत पोचणं कठीण. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. आमच्या मुलांनी जाण्याआधी एक केलं: घराजवळचा डॉक्टर, ॲम्ब्युलन्सवाला आणि रात्री-अपरात्री धावून येईल असा एक शेजारी, या तिघांना भेटून, नंबर घेऊन, स्पष्ट बोलून गेले. मिरजेत दवाखान्यांची कमी नाही, अडतं ते मध्यरात्री कोण घेऊन जाणार यावर. चुलतभाऊ बाग बघतो म्हणालास. त्याच्याशी आई-बाबांबद्दलही बोल, आणि गृहीत धरू नकोस.

आणि त्यांना नेता येतं का तेही बघ. आमच्या हिने मागे माझ्याकडून व्हिसाचं काहीतरी वाचून घेतलं होतं, अवलंबून असलेले आईवडील त्या यादीत होते.

सीए_राजवाडा

मास्तर बरोबर आहेत, अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात धरतात. पण प्रत्येकी आणखी पावपट किमान वेतन, म्हणजे महिना ३४५ युरो वाढवा, शिवाय अवलंबित्वाचे पुरावे. बाबांना स्वतःची पेन्शन असेल तर ते सिद्ध करताना अडचण येईल.

हळदीपिवळा

मास्तर, नमस्कार. बाबांना पेन्शन आहे आणि ते कृष्णा सोडून कुठे यायचे नाहीत, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. चुलतभावाशी बोलतो.

दरम्यान दोन गोष्टी केल्या. बायकोशी नीट बोललो. ती म्हणाली, 'एक वर्ष एकटा गेलास तर मी इथे दोघांच्या नोकऱ्या करीन, ते जमणार नाही. सगळे मिळून जायचं असेल तर मी आधी स्पॅनिशच्या परीक्षा देते, तू पगार वाढव.' म्हणजे एकटं जाणं बाद. कोरेगावची_लेक, तुमचा प्रतिसाद तिने वाचला आणि मला पुन्हा वाचून दाखवला.

दुसरं, एचआरला विचारलं. स्पेनमध्ये नोंदणी करणार नाही, एका वाक्यात उत्तर आलं. कंत्राटाला मॅनेजर तयार आहे, आणि गंमत म्हणजे कंत्राटावर दर जवळजवळ दीडपट देतो म्हणाला, कारण पीएफ, विमा, ग्रॅच्युइटी त्यांची वाचते. म्हणजे ४,१४४ चा आकडा कागदावर तरी गाठता येईल. ग्रॅच्युइटी पुरी झाल्यावरच बघीन. आई-बाबांच्या पॉलिसीची कोटेशनं मागवलीत, पहिलं बघून बसकण मारली.

एक प्रश्न राहिला. वेळेचं गणित कोणी सांगेल का? पुण्याची सकाळ आणि अमेरिकेची दुपार दोन्ही मालागात कशी बसते?

कासपठार

हे माझ्या आवडीचं. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तुमची साडेदहाची मीटिंग उन्हाळ्यात इथे सकाळी सातला, हिवाळ्यात सहाला. आणि हिवाळ्यात इथे सूर्य सव्वाआठ-साडेआठला उगवतो, कारण स्पेन आहे लंडनच्या रेखांशावर पण १९४० पासून घड्याळ चालवतो बर्लिनचं. म्हणजे डिसेंबरात तुम्ही मिट्ट काळोखात 'गुड मॉर्निंग' म्हणणार, तेही ओल्या घरात.

पण दुसरं टोक फार सुखाचं. तुमचे रात्री साडेअकराचे कॉल हिवाळ्यात संध्याकाळी सातला संपतात. त्यानंतर फिरायला जायचं, इथली जेवणं नऊच्या आत सुरू होत नाहीत. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. नवरा म्हणतो की त्याला स्पेनमध्ये समुद्र मिळाला की नाही माहीत नाही, झोप मिळाली.

कागदांचंही सांगून टाकते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत, विवाहाचं प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि तुमची पदवी, या सगळ्यावर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का, लागते. पदवीला आधी विद्यापीठाची आणि राज्य सरकारची पडताळणी. मग स्पेन सरकारने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश. सगळे दाखले एकाच स्पेलिंगचे आहेत का ते आत्ताच बघा. आमच्या विवाह प्रमाणपत्रावर माझ्या नावात एक 'ए' जास्त होता, तो काढायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात व्हिसा मिळाला असता. पोलिसांचा दाखला सर्वांत शेवटी काढा, तो शिळा होतो.

आउतोनोमो झालात तर गेस्तोर म्हणून जो कागदपत्रांचा माणूस मिळतो तो पकडा, महिन्याला थोडे पैसे घेतो पण दर तिमाहीचं कराचं विवरण तोच भरतो. बोटांच्या ठशांसाठी पोलिसांकडे वेळ मिळवणं हे इथलं सर्वांत मोठं दिव्य. संकेतस्थळावर तारखा कधी सुटतात याचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत.

पोर्तुगालवाला

जाता जाता. सीए साहेबांनी म्हटलंच, पोर्तुगालशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिथल्या नोमॅड व्हिसाची उत्पन्नाची अट किमान वेतनाच्या चौपट, २०२५ ला ३,४८० युरो, पण नोकरी न सोडता जायचं असेल तर तो दरवाजा आधी ठोठावून बघा. समुद्र भूमध्य नाही, अटलांटिक, पाणी बर्फासारखं.

हळदीपिवळा

हे एचआरला पाठवतो. आणि आमचं ठरलंय, दिवाळीनंतर बायकोचा स्पॅनिशचा पहिला स्तर, आणि जानेवारीत दोघं पर्यटक व्हिसावर मालागा बघून येणार. त्या काळात तिथूनच कामही करीन म्हणतो, रजा वाचतील.

सीए_राजवाडा

पर्यटक व्हिसावर काम करायची परवानगी नसते. रजा टाका. पुढे नोमॅड परवान्याचा अर्ज करणार आहात, कामाच्या लॉगमध्ये स्पेनचा पत्ता कशाला उमटवून ठेवता?

कासपठार

रजाच टाका, आणि पर्यटकांच्या हॉटेलात उतरू नका, एखाद्या जुन्या वस्तीत खोली घ्या. उएलिन, एल पालो, तेआतिनोस या तिन्ही भागांत संध्याकाळी चालून बघा. तेआतिनोस विद्यापीठाच्या बाजूला, इमारती नव्या, ओल कमी, समुद्र लांब. एल पालो जुन्या कोळ्यांची वस्ती, समुद्र दारात, भाडं डोक्याला हात लावायला लावणारं. घर बघायला गेलात की कपाटाच्या मागे हात घालून भिंत चाचपा.

तासगावकर_बेदाणा

आणि येताना बियांचा मनुका आणा अर्धा किलो. शेडवाल्यांना दाखवायचाय. काकवी नको, ती आपल्याकडे हाय.

सांगलीवाडीचा_गणेश

धागा उशिरा वाचला. एक शंका: आमचं मांजर आहे, नेता येतं का?

कासपठार

येतं. मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची टायटर चाचणी (लस लागू पडली का ते बघणारी) युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत. भारतातून येणाऱ्या प्राण्यांना रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे माणसांच्या कागदांना हात लावायच्या आधी मांजराचे सुरू करा.